जर आणि जोपर्यंत

सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही माणसाला खरं खरं विचारून बघा, बाबा रे, तू डॉक्युमेंटेशन वाचतोस का? तो छातीवर हात ठेवून 'हो' म्हणेल. साफ खोटं! नवा मोबाइल घेतल्यावर खोक्यातलं पुस्तक आपण जितकं वाचतो ना, तितकंच. पान उघडायचं, सरसर खाली यायचं, राखाडी चौकटीतलं उदाहरण दिसलं की ब्रेक. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, चला चहाला. वरच्या चार परिच्छेदांत लिहिणाऱ्याने जीव ओतून काय सांगितलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं मला वाटत नाही. पाककृतीच्या पुस्तकाची प्रस्तावना कोण वाचतं? साहित्य आणि कृती, बस. पण म्हणूनच एक लोचा होतो. प्रस्तावनेत चूक असली तर कुणाचं काही बिघडत नाही. कृतीत मिठाचा चमचा चुकला तर मात्र शंभर घरांत भाजी खारट, आणि प्रत्येक घरात बोलणी खाणार कोण? तर जी भाजी करते ती.

आमच्याकडे ही बोलणी लातूरहून आलेल्या एका मुलाला खावी लागणार होती.

२००७ साली मी हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. पाच वर्षांचा अनुभव, व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर' हा शब्द आणि रोज वाकडच्या पुलापाशी बसमध्ये बसून घालवलेला पाऊण तास, ही माझी तेव्हाची कमाई. आमचा क्लायंट विम्याच्या धंद्यातला. शाखेत कुणी प्रीमियम भरला की त्याचा निरोप सर्व्हरला यायचा, आणि सर्व्हरने पावती तयार करायची. एवढंच काम. निरोप आणायला आम्ही एक फुकट मिळणारी लायब्ररी वापरत होतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हं, दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. आलेले निरोप एका रांगेत ठेवायचे आणि मागे चार कामगारांनी ते एकेक करून उचलायचे, अशी रचना. या कामगारांना आमच्या भाषेत 'थ्रेड' म्हणतात. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी राबणारे हात, असं समजा.

हा रांगेचा भाग आमच्या फ्रेशरने लिहिला होता. मुलगा हुशार, अक्षर सुंदर, इंग्रजी बोलताना घशाला कोरड. मला नावाने हाक मार असं शंभरदा सांगूनही तो 'ताई'च म्हणायचा. आधी फ्लोअरवर सगळे हसले, मग हळूहळू इतर ज्युनियरही मला ताईच म्हणायला लागले.

तर तक्रार अशी होती, की सोमवारी पावत्या पटापट निघतात, बुधवारी जरा रेंगाळतात आणि शुक्रवारी सर्व्हर अक्षरशः रडतो. रिस्टार्ट केलं की पुन्हा टवटवीत. क्लायंटच्या ऑपरेटरने स्वतःपुरता उपाय शोधला होता, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत रिस्टार्ट. महिनोन्महिने हे बिनबोभाट चाललं. मग आला मार्च. ८०सीची वजावट मिळवायला तेव्हा अख्खा भारत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रीमियम भरायचा, आणि प्रत्येकाला पावती आजच हवी असायची, कारण ऑफिसच्या अकाउंट्समध्ये उद्या द्यायची असायची. त्या आठवड्यात पावत्या तीन-तीन तास अडकल्या. शाखांमध्ये लोकांनी काउंटरवर हात आपटले. फोन वरून खाली, खालून आणखी खाली असे आदळत शेवटी आमच्या क्युबिकलपर्यंत आले.

आमच्या मॅनेजरला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, सर्व्हर नीट चालायला हवा. दोन, आरसीएचा फॉर्म भरून हवा. आरसीए म्हणजे रूट कॉज अॅनालिसिस, घोळाच्या मुळाशी काय होतं त्याचा पंचनामा. त्यात एक रकाना असतो 'मूळ कारण'. तो भरायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे 'डेव्हलपर एरर' असं लिहून शेजारी नाव टाकायचं. नाव समोरच होतं. जूनमध्ये त्याचं कन्फर्मेशन होतं, एका वर्षाचं प्रोबेशन संपणार होतं. घरी शिक्षणाचं कर्ज. त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं, पण महिन्याच्या एक तारखेला लंच टाइममध्ये एटीएमच्या रांगेत पहिला तो असायचा, त्यावरून कळायचंच.

आधी सर्व्हर. चालू जावा प्रोग्रॅमला 'किल मायनस थ्री' अशी कमांड दिली की नाव भयंकर असलं तरी तो मरत नाही, उलट पोटातल्या सगळ्या थ्रेडची हजेरी छापतो. शुक्रवारी दुपारी ती हजेरी घेतली. कामगार चार हवे होते. होता एक! बाकी तिघं कुठे गेले? नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, काहीच नाही. मग लक्षात आलं, की थ्रेड मरताना शेवटचं जे ओरडतो ते कन्सोलवर ओरडतो, आणि आमच्या सर्व्हरचं कन्सोल कुठल्याच फाइलला जोडलेलं नव्हतं. तिघंही ओरडून गेले होते, ऐकायला कुणी नव्हतं. कन्सोल फाइलला जोडलं आणि दोन दिवस वाट बघितली. किंकाळी मिळाली, ओळीच्या नंबरासकट. एक कामगार रांगेतून निरोप उचलायला गेला होता आणि रांग रिकामी होती. रिकाम्या रांगेतून पहिली वस्तू मागितली की जावा अपवाद फेकते, आणि तो कुणी झेलला नाही तर तो थ्रेड संपतो.

आता कोडमध्ये तर स्पष्ट तपासलं होतं, की रांग रिकामी असेल तर थांब. मग रिकाम्या रांगेत हात घातलाच कसा?

हे मी त्या मुलाला कॅन्टीनमध्ये समजावलं, तसंच तुम्हालाही सांगते. काउंटरवर तुम्ही विचारता, "वडा आहे का?" "संपला, थांबा." तुम्ही बाजूच्या बाकावर बसता, डोळा लागतो. घाणा उतरतो, ताटात एक वडा पडतो, पोऱ्या तुम्हाला हलवतो, "उठा, वडा आला." तुम्ही उठून, चप्पल शोधून काउंटरपर्यंत पोचेस्तोवर दारातून नुकताच आत आलेला कुणी दुसराच तो वडा उचलून चालता होतो. शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? ताटाकडे पुन्हा बघेल. नाही? मग पुन्हा बाकावर. पण आपला कामगार म्हणतो, मला उठवलंय म्हणजे वडा असणारच. तो न बघता ताटात हात घालतो, आणि हात जातो उकळत्या तेलात.

दोघांत फरक फक्त एका शब्दाचा. 'जर वडा नसेल तर थांब' आणि 'जोपर्यंत वडा नाही तोपर्यंत थांब'. पहिल्यात एकदाच बघायचं. दुसऱ्यात प्रत्येक वेळी उठल्यावर बघायचं. प्रोग्रॅमिंगमध्ये पहिल्याला 'इफ' म्हणतात, दुसऱ्याला 'व्हाइल'. कोडमध्ये 'इफ' होतं.

आणि हे रोज होत नाही, हीच तर गंमत. उठवलेला थ्रेड कुलपासाठी थांबलेला असताना नेमका त्याच क्षणी आधीचं काम संपवून मोकळा झालेला दुसरा थ्रेड आत शिरायला हवा. एक प्रोसेसर असलेल्या आमच्या डेस्कटॉपवर हा योग जवळजवळ येतच नसे. क्लायंटच्या सर्व्हरला प्रोसेसर चार, मार्चमध्ये निरोपांचा पाऊस, मग योगच योग. आणखी मजा म्हणजे चौघांतले तीन मेले की शेवटचा मरत नाही. त्याचा वडा पळवायला कोणी उरलेलंच नसतं. म्हणून सर्व्हर कधी पूर्ण बंद पडला नाही, नुसता मंदावत गेला. बंद पडला असता तर पहिल्याच महिन्यात सापडला असता.

मुलाने सगळं ऐकलं. वडा तसाच गार झाला. मग म्हणाला, "ताई, पण हे मी माझ्या मनाने नव्हतं लिहिलं." जागेवर गेलो तर ड्रॉवरमधून त्याने एक प्लास्टिकची फाइल काढली. लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनचं प्रिंटआउट, पिवळ्या पेनने खुणा केलेलं. आलेले निरोप तुमच्या कामगारांकडे कसे सोपवायचे, याचं अधिकृत उदाहरण. त्यात 'इफ'. त्याचा कोड आणि ते उदाहरण ओळीला ओळ सारखं. कॉमेंटमधलं 'रिसिव्ह'चं स्पेलिंगसुद्धा सारखंच चुकलेलं, 'ई' आणि 'आय'ची अदलाबदल.

मी ते घेऊन मॅनेजरकडे गेले. "म्हणजे कॉपी मारली त्याने," मॅनेजर म्हणाले.

"सर, उदाहरण कॉपी करण्यासाठीच असतं."

"अगं पण समजून घ्यायला नको? उद्या डॉक्युमेंटेशनमध्ये विहिरीत उडी मार लिहिलं असेल तर मारशील?"

हे वाक्य दिसतं तितकं पोकळ नाही. समजून घ्यायला हवं, हे खरंच. जोशुआ ब्लॉकच्या 'इफेक्टिव्ह जावा'मध्ये २००१ सालीच बजावलं होतं, की लूपच्या बाहेर कधीही 'वेट' करू नका. जावाच्या स्वतःच्या माहितीतही पुढे स्पष्ट लिहिलं गेलं, की कुणी न उठवताही थ्रेड आपोआप जागा होऊ शकतो, म्हणून तपासणी लूपमध्येच हवी. पण मला सांगा, नोकरीला लागून तीन महिने झालेल्या पोराने ज्यांनी लायब्ररी लिहिली त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा? आणि त्याचा तो कोड दोन सीनियर लोकांनी रिव्ह्यू केला होता. त्यांची नावं त्या रकान्यात कुणी सुचवत नव्हतं. (त्यात मी नव्हते, म्हणून मला आवाज चढवता आला, हेही खरं.)

मी म्हटलं, मूळ कारण दुसऱ्याच्या पानावर आहे, तर दुरुस्ती आधी त्या पानावर करू. ती मान्य झाली तर आरसीएत तसं लिहा. मान्य नाही झाली तर तुम्हाला हवं ते लिहा. मॅनेजरनी पंधरा दिवस दिले. क्लायंटकडचा शब्द आम्ही त्याच रात्री बदलला होता, त्यामुळे घाई फक्त फॉर्मची होती.

आणि दुरुस्ती त्या मुलाच्या नावाने जाणार, हे मी आधीच ठरवून टाकलं.

त्याने ती मेल सहा वेळा लिहिली. पहिल्या खर्ड्यात 'रिस्पेक्टेड सर'पासून 'थँकिंग यू'पर्यंत कॉलेजच्या प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहावा तसं सगळं होतं, फक्त चूक काय ते नव्हतं. तिसऱ्यात तो इतका माफी मागत होता, की वाचणाऱ्याला वाटावं लायब्ररी यानेच बिघडवली. सहाव्यात मुद्दा आला. अमुक पान, अमुक ओळ, 'इफ'च्या जागी 'व्हाइल' हवं, कारण असं असं. जाता जाता स्पेलिंगही चुकलंय.

लायब्ररी सांभाळणारा गृहस्थ जर्मनीत राहणारा. त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. स्पेलिंगबद्दल मनापासून आभार, दुरुस्त केलं आहे! 'इफ'बद्दल मात्र त्याचं म्हणणं असं, की उदाहरणात कामगार एकच आहे त्यामुळे ते बरोबर आहे, आणि शेवटी ते फक्त समजावण्यासाठी आहे.

मुलाचा चेहरा पडला. मला उलट बरं वाटलं, कारण या उत्तरात पकडायला जागा होती. एकच कामगार असेल तर ते बहुतेक वेळा चालतं, कबूल. पण पानावर 'एकच कामगार ठेवा' असं कुठे लिहिलंय? वाचणारा त्यात दुसरा कामगार टाकणारच, रांग ठेवायचा हेतूच तो असतो. 'फक्त समजावण्यासाठी' हा युक्तिवाद तर मला आजही पटत नाही. समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण समजायला चुकीचं असेल, तर त्यातून नेमकं काय समजावं?

मग आम्ही दोघांनी चाळीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यांचंच उदाहरण, अक्षरही न बदलता, फक्त कामगार दोन. टेस्टिंगवाल्यांच्या हातापाया पडून दोन प्रोसेसरचं मशीन रात्रीपुरतं मिळवलं. एंटर दाबलं, आणि काही सेकंदांतच एक कामगार किंकाळी फोडून खलास. मुलगा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. आपला कोड कोसळल्यावर इतका आनंदी झालेला माणूस मी तोवर बघितला नव्हता.

तो प्रोग्रॅम पाठवला. एक दिवस, तीन दिवस, आठवडा. काहीच नाही. या काळात मी थोडं वाचन केलं, आणि त्या जर्मन माणसावरचा माझा राग बराच उतरला. टोनी होअर यांनी १९७४ साली मॉनिटर नावाची कल्पना मांडली, तिच्यात उठवलेला लगेच आत येतो, मध्ये कुणी घुसू शकत नाही. म्हणजे त्या जगात 'इफ' पूर्ण बरोबर! पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मेसा नावाची भाषा बनवताना हा नियम सैल केला गेला. उठवणं ही फक्त सूचना, उठल्यावर पुन्हा बघण्याची जबाबदारी तुमची. लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० साली त्याबद्दल लिहिलं. जावा दुसऱ्या वळणाची. कॉलेजात पहिलं शिकून आलेला माणूस अगदी विचारपूर्वक 'इफ' लिहू शकतो. चूक आळसाचीच असते असं नाही, कधीकधी ती जुन्या पुस्तकाशी प्रामाणिक राहिल्याची असते.

आणि मोठमोठ्यांनाही उदाहरणं बदलावी लागली आहेत. जावाच्या खिडक्या-बटणं बनवण्याच्या स्विंग लायब्ररीचं सन कंपनीचं ट्युटोरियल आधी सांगत होतं, की सुरुवातीची खिडकी मुख्य थ्रेडवर बनवली तरी चालेल. नंतर लक्षात आलं, की काही वेळा त्याने घोळ होतो. त्यांनी उदाहरणं बदलली आणि पूर्वी आम्ही वेगळं सांगत होतो, आता असं करा, असं उघडपणे लिहिलं. मला तो मोकळेपणा फार आवडला होता. मी त्या पानाचा दाखला पुढच्या मेलमध्ये घालावा असं सुचवलं. मुलगा म्हणाला, "नको ताई, त्यांना टोमणा वाटेल." पोरगं शहाणं.

मेल पाठवायची वेळच आली नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं. त्याने आमचा प्रोग्रॅम स्वतः चालवून बघितला होता. दोन ओळींचं उत्तर, तुमचं बरोबर आहे, बदलतो आहे. 'इफ' जाऊन 'व्हाइल' आलं, आणि वर एक कॉमेंट, जिचं इंग्रजी आमच्या लातूरच्या मुलाचं होतं. अर्थ असा, की उठल्यावर पुन्हा बघा, दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलं असेल. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा बदलांच्या यादीत त्याचं नाव होतं. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला तो तयार झाला नाही.

आरसीएच्या रकान्यात शेवटी 'थर्ड पार्टी डॉक्युमेंटेशन' असं आलं, खाली त्या दुरुस्तीचा नंबर. जूनमध्ये कन्फर्मेशनचं पत्र आलं. मॅनेजरनी त्याला केबिनमध्ये बोलावून पेढा मागितला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये 'आमच्या टीमचं ओपन सोर्समधलं योगदान' अशी एक स्लाइडही लावली. बॉस लोकांचं हे असंच असतं.

वाचणाऱ्यांतल्या एखाद्या जावावाल्याची चुळबुळ सुरू झाली असेल, की ही रांग हाताने लिहायचीच कशाला? जावा ५ मध्ये, २००४ सालापासून, तयार रांग मिळतेच की. मिळते, पण आमच्या क्लायंटचा सर्व्हर २००७ मध्येही १.४ वर होता. विमेवाले जोखीम घेत नाहीत.

पान दुरुस्त झालं, पण ज्यांनी आधीच कॉपी केलं होतं त्यांच्याकडे ती दुरुस्ती चालत जात नाही. मी आमच्याच कंपनीच्या इतर प्रोजेक्टांत शोध घ्यायचं ठरवलं. कसा घ्यायचा? 'वेट' शोधलं तर हजार ठिकाणी सापडेल. युक्ती त्या मुलानेच काढली. ते चुकलेलं स्पेलिंग शोधा! कॉमेंटमधलं 'रिसिव्ह', 'ई' आणि 'आय' उलटे. सात ठिकाणी सापडलं, सातही वेगवेगळ्या टीमचे कोड, सातही ठिकाणी खाली तेच 'इफ'. साताऱ्याचा एकजण, चेन्नईची एकजण, एक तर आमचेच रिव्ह्यू करणारे सीनियर. दोन ठिकाणी लोक आधीच 'हळू होतंय' म्हणून वैतागले होते आणि मशीनची रॅम वाढवून बसले होते.

सहा जणांनी शब्द बदलला. सातव्या टीमच्या लीडने मला चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही." त्यांच्याकडे दर रविवारी पहाटे चार वाजता सर्व्हर आपोआप रिस्टार्ट करणारी एक स्क्रिप्ट होती. कुणी लावली, का लावली, कुणालाच माहीत नव्हतं. मी ती कंपनी २०१० साली सोडली, तोवर ती चालू होती.